खारीगावची अभ्यासिका, पाच लॅपटॉप: ॲक्टिव्हेशनच्या नोंदी

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

राखीला बहिणीकडे कोपरीत होतो, तिथेच अभ्यासिकेच्या ताईंचा फोन आला. "दादा, आज दोन नंबरवरपण आलं हो." आलं म्हणजे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ती फिकट अक्षरं: ॲक्टिव्हेट विंडोज. गेल्या शनिवारी पाच नंबरवर पहिल्यांदा दिसली, मग आठवडाभरात एकेक करत बाकीच्यांवर.

हे पाचही लॅपटॉप फेब्रुवारीत ऐरोलीच्या एका कंपनीने अभ्यासिकेला दिले. २०१९ ची खरेदी, आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम. सहा महिने एकाही पोराची तक्रार नव्हती. पोलीस भरतीवाले त्यावर सराव परीक्षा देतात, बारावीची मुलं व्हिडिओ बघतात, आणि सध्या अकरावीच्या प्रवेशफेऱ्या चालू असल्याने आईवडीलही येऊन बसतात. त्यामुळे "चालतंय ना, मग राहू दे" असं म्हणून सोडायचं नाही असं ठरवलं. नुसत्या त्या अक्षरांनी काम अडत नाही, सुरक्षेचे अपडेटही येत राहतात. पण एकाच आठवड्यात पाचही यंत्रं परवाना नाही म्हणतात, तर मुळाशी काहीतरी एकच कारण असणार.

ताईंना सांगितलं, कुणालाही हात लावू देऊ नका, उद्या येतो. त्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पाच नंबर आमच्या कमिटीतल्या एकांनी सोमवारी दुकानात नेऊन करून आणलाय." हे नंतर बघावं लागेल.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी दहाला पोचलो. ताईंनी टेबलावर मंडळाच्या नोंदणी प्रमाणपत्राची फाइल काढून ठेवली होती. का, ते एक नंबर उघडल्यावर कळलं. सेटिंग्जमधला संदेश म्हणत होता की तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही, संस्थेच्या नेटवर्कला जोडून पुन्हा प्रयत्न करा. कोड ०एक्ससी००४एफ०७४. ताईंनी तो वाचला आणि त्यांना वाटलं, संस्था म्हणजे आपलं मंडळ, आपली कुठेतरी नोंद करायची राहून गेली. "आमचं काही चुकलं का दादा?" असं त्यांनी दोनदा विचारलं. काहीही चुकलेलं नाही, हे आधी सांगितलं आणि ती फाइल कपाटात ठेवायला लावली.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही ही परवान्याची माहिती दाखवणारी आज्ञा मारली. एक चौकट उघडते आणि परवान्याची कुंडली समोर येते. तीन ओळी महत्त्वाच्या. चॅनल, म्हणजे परवान्याचा प्रकार: व्हॉल्यूम केएमएसक्लायंट. की, म्हणजे परवान्याचा २५ अक्षरी क्रमांक, त्याची शेवटची पाच अक्षरं: टी८३जीएक्स. स्थिती: नोटिफिकेशन.

ती पाच अक्षरं पाहिली आणि निम्मं कोडं सुटलं. टी८३जीएक्सने संपणारी की कुणा एकाच्या मालकीची नसते. विंडोज प्रोसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच सर्वांसमोर प्रसिद्ध केलेली ती की आहे. तिने यंत्राला परवाना मिळत नाही. आपल्या नेटवर्कवरच्या केएमएस सर्व्हरला, म्हणजे परवान्याचा होकार देणाऱ्या संगणकाला, विचारून ये, एवढंच ती यंत्राला सांगते. कंपनीत शेकडो लॅपटॉप असले की प्रत्येकाला वेगळी की टाकत बसत नाहीत. एक सर्व्हर ठेवतात, तो १६८८ नंबरच्या पोर्टवर ऐकत असतो आणि येणाऱ्या प्रत्येक यंत्राला मुदतीचा होकार देतो.

एक, दोन, तीन, चार, सगळ्यांवर तेच.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे कुणीतरी ही वही वाचेल. कोपऱ्यातली अक्षरं सगळीकडे सारखीच असतात, कोड मात्र वेगवेगळे असतात. फोन करताना कोड वाचून दाखवा. फोटो काढून पाठवलात तर फारच उत्तम.

सोमवार, ११ ऑगस्ट

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कागदावर हिशेब केला.

केएमएसने दिलेला होकार १८० दिवस टिकतो. सेटिंगमध्ये तो मिनिटांत दिसतो, २,५९,२०० मिनिटं. यंत्र दर सात दिवसांनी सर्व्हरला भेटून मुदत पुन्हा पूर्ण भरून घेतं. लॅपटॉप कंपनीच्या नेटवर्कवर आहे तोवर ही मुदत कधीच संपत नाही आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

काल इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतून १२२८९ क्रमांकाच्या शेवटच्या नोंदीची तारीख प्रत्येक लॅपटॉपवर टिपून घेतली होती. सर्व्हरकडून उत्तर मिळालं की ती नोंद पडते. एक नंबरची शेवटची ५ फेब्रुवारी. त्यात १८० दिवस मिळवले की ४ ऑगस्ट. दोन नंबरची १० फेब्रुवारी, म्हणजे मुदत ९ ऑगस्टला, शनिवारी, ज्या दिवशी ताईंचा फोन आला. कंपनीच्या पत्रावर लॅपटॉप सुपूर्द केल्याची तारीख १० फेब्रुवारीच आहे. शेवटच्या सात दिवसांत प्रत्येक यंत्राने आपापल्या वारी मुदत वाढवून घेतली, म्हणूनच आठवडाभर एकेक करून बंद पडली. सगळं जुळलं. बऱ्याच दिवसांनी एखादा हिशेब इतका चोख बसल्याचं समाधान मिळालं.

थोडक्यात, हे लॅपटॉप आपल्याकडे आले ते उसन्या परवान्यावर. कंपनीचा व्हॉल्यूम परवाना, म्हणजे अनेक यंत्रांसाठी एकत्र घेतलेला, कंपनीचाच असतो, दान केलेल्या वस्तूबरोबर तो जात नाही. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी लॅपटॉप डोमेनमधून, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या यादीतून, काढले, माणसांची खाती पुसली आणि दिले. खरं तर डिस्क पूर्ण पुसून, लॅपटॉपच्या मूळ परवान्यावर विंडोज टाकून द्यायला हवं होतं. त्यांच्या आयटी विभागातल्या साहेबांना फोन लावला. भला माणूस, माझं सगळं ऐकून घेतलं आणि खरेदीची कागदपत्रं शोधतो म्हणाले.

आता प्रश्न एवढाच की यंत्राच्या अंगात स्वतःचा परवाना आहे का.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आहे. निदान तिघांच्या अंगात तरी आहे.

विंडोज ८ पासून लॅपटॉपच्या तळाला २५ अक्षरांची की छापलेला स्टिकर येत नाही. कारखान्यातच ती की मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातच कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एमएसडीएम नावाच्या एका तक्त्यात भरलेली असते. फॉरमॅट मारा, हार्ड डिस्क बदला, ती तिथेच राहते. वाचायला पॉवरशेलमध्ये एकच ओळ पुरते, सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिसला तिची ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी विचारायची. एक नंबरवर ओळ मारली आणि एंटर दाबताच पाच-पाच अक्षरांचे पाच गट पडद्यावर उमटले. बारावीतला एक मुलगा मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "काका, म्हणजे ही इतके दिवस आतच होती?" हो, २०१९ पासून आतच होती, कुणी तिला विचारलंच नव्हतं.

मग क्रम असा: आधी स्लॅश सीकेएमएस, म्हणजे जुन्या सर्व्हरचं नाव विसर. मग स्लॅश आयपीके, म्हणजे ही की घे, आणि पुढे बायोसमधली की. मग स्लॅश एटीओ, म्हणजे ॲक्टिव्हेट कर. अर्ध्या मिनिटात झालं. मुदत सांगणारी स्लॅश एक्सपीआर मारून खात्री केली, कायमचं ॲक्टिव्हेट झाल्याचं आलं. डीएलव्हीमध्ये चॅनल आता ओईएम डीएम दाखवतो, म्हणजे लॅपटॉपबरोबर आलेला परवाना. लॅपटॉप स्वतःच्या पायावर उभा राहिला.

दोन नंबरही तसाच झाला.

चार नंबरची की मिळाली, टाकली गेली, पण एटीओला कोड आला ०एक्स८००७२एफ८एफ. हा कोड बघितला की आधी घड्याळ बघायचं. तारीख १ जानेवारी २०१९. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी बोलणं सुरक्षित जोडणीतून होतं, त्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राला "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. लॅपटॉपच्या मते अजून २०१९ चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला वैध वाटतच नाही. ताई म्हणाल्या, या लॅपटॉपची बॅटरी मे महिन्यापासून मेलेलीच आहे, चार्जरवरच चालतो आणि रात्री मेन स्विच बंद करून जातो. म्हणजे आतला छोटा सेलही गेलाय. तारीख हाताने बदलून लगेच ॲक्टिव्हेट करता आलं असतं, पण उद्या सकाळी घड्याळ पुन्हा मागे जाणार आणि पोरांना एकही सरकारी संकेतस्थळ धड उघडणार नाही. सेल घालूनच करू.

गुरुवार, १४ ऑगस्ट

गोखले रोडवरून २०३२ नंबरचा सेल घेतला, वायर आणि प्लग जोडलेला. या मॉडेलला नुसता बटणसेल चालत नाही. तळाचे नऊ स्क्रू, सेल बदलला, बायोसमध्ये तारीख-वेळ घातली, मेन स्विच अर्धा तास बंद ठेवून पाहिला. घड्याळ टिकलं. एटीओ पहिल्याच फटक्यात.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर पाच नंबर घरी घेऊन आलो. याला वेळ देणं भाग होतं.

दुकानात साडेतीनशे रुपये घेऊन "कायमचं ॲक्टिव्हेट" करून दिलं म्हणे. सेटिंग्ज खरंच ॲक्टिव्हेटेड म्हणत होती. स्लॅश एक्सपीआर मारली तर उत्तर आलं, व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन १९ जानेवारी २०३८ ला संपेल.

ती तारीख कुठलाही केएमएस सर्व्हर देत नाही, तो १८० दिवसांच्या पुढे जातच नाही. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात मोजत गेलं तर तो आकडा ज्या दिवशी भरतो तो हा दिवस. कुणीतरी साधन चालवून यंत्राला खोटी चिठ्ठी खायला घातली आहे आणि चिठ्ठीवर जमेल तेवढी लांबची तारीख टाकली आहे.

एवढ्यावर थांबलो नाही. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, उघडून वगळलेल्या जागांची यादी बघितली. त्यात सी ड्राइव्हमधलं एक पूर्ण फोल्डर होतं, म्हणजे त्या फोल्डरमध्ये काहीही आलं तरी अँटिव्हायरस तिकडे बघणार नाही. साधन चालवायचं तर अँटिव्हायरस आडवा येतो, म्हणून आधी त्यालाच बाजूला करतात आणि काम झाल्यावर परत जागेवर आणत नाहीत. फोल्डरमध्ये नाव न सांगणाऱ्या दोन फाइली होत्या. त्या काय करतात हे शोधत बसण्यात अर्थ नव्हता.

मला राग दुकानदाराच्या साडेतीनशेचा नाही आला. याच लॅपटॉपवर परवा एक आई मुलीचा अकरावीचा फॉर्म भरत होती. आधार नंबर, मोबाइलवरचा ओटीपी, फी भरायला बँकेचं पान, सगळं याच कीबोर्डवर. तिने अभ्यासिकेवर विश्वास टाकला, म्हणून ती सायबर कॅफेत न जाता इथे आली. दरवाजा असा उघडा ठेवलेलं यंत्र तिच्यासमोर ठेवणं मला मान्य नाही. ताईंना फोन करून सांगितलं, सोमवारपासून पाच नंबरवर जे जे बसले त्यांनी घरच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलून घ्यायचे, आणि आजच.

मुलांचे नोट्स पेनड्राइव्हवर काढले, फक्त पीडीएफ आणि फोटो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजचा इन्स्टॉलर बनवला, डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवली. इन्स्टॉल होताना विंडोजची होम आवृत्ती हवी का प्रो, हे त्याने विचारलंच नाही, बायोसमधली की वाचून सरळ होम टाकलं. या एका लॅपटॉपची मूळ खरेदी होमची होती, कंपनीने वरून प्रो चढवलं होतं. नेट जोडलं आणि चहा होईपर्यंत आपोआप ॲक्टिव्हेट. आतल्या खऱ्या कीने हे काम फुकटात होणार होतं.

शनिवार, १६ ऑगस्ट

दहीहंडी. नौपाड्यातून बाहेर पडणं अशक्य, कळवा पुलापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. काम नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबलेला नाही. अभ्यासिका बंद ठेवली. ताईंना सांगून सगळे लॅपटॉप खालच्या कपाटातून वरच्या फळीवर ठेवून घेतले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

तीन नंबर. याच्यावर पूर्ण संध्याकाळ गेली.

पॉवरशेलला की विचारली तर रिकामी ओळ. पुन्हा विचारली, पुन्हा रिकामी. बायोसमध्ये सिरियल नंबरची जागा कोरी. तळाच्या स्टिकरवर मात्र नंबर आहे. तिथेच शंका आली. उघडून बघितलं तर पंख्याजवळचे दोन स्क्रू वेगळ्या जातीचे, आणि बोर्डच्या कडेला कुणीतरी मार्करने लिहिलेला दुकानी आकडा. मदरबोर्ड बदललेला आहे.

तरी एक आशा होती. विंडोज १० च्या काळापासून डिजिटल परवाना असतो, त्यात यंत्राच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली राहते आणि की न टाकताही ॲक्टिव्हेशन होतं. प्रोची सर्वसाधारण की टाकून बघितली. कोड ०एक्ससी००४एफ२१३, या यंत्रावर प्रॉडक्ट की सापडली नाही. ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" हा पर्याय असतो, पण तो कामाला येतो परवाना आधीच कुणाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल तेव्हा. कंपनीच्या लॅपटॉपचं असं खातं कुठलं असणार?

लॅपटॉपबरोबर येणारा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. अधिकृत दुरुस्तीत कंपनीचा माणूस नव्या बोर्डमध्ये ओळख आणि की भरून देतो. बाहेरून जुना बोर्ड घालून घेतला की लॅपटॉप चालतो, परवाना मात्र जुन्या बोर्डबरोबर गेलेला असतो.

बारावीवाला तो मुलगा आज पण होता. हळूच म्हणाला, "काका, माझ्या मित्राच्या पेनड्राइव्हवर आहे, दोन मिनिटांत होतं." त्याला शेजारी बसवलं आणि पाच नंबरच्या वगळलेल्या फोल्डरचा मी काढलेला फोटो दाखवला. त्या आईबद्दलही सांगितलं. तो बराच वेळ फोटो बघत राहिला, मग म्हणाला, "माझ्या घरच्या पीसीवर पण बघू का हे कुठे असतं ते?" कुठे बघायचं ते त्याच्या वहीत लिहून दिलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

ऐरोलीहून फोन आला. त्यांच्या नोंदीत सापडलं, तीन नंबरवर २०२२ मध्ये पाणी सांडलं होतं, वॉरंटी संपलेली, म्हणून बाहेरून बोर्ड बदलून घेतला. साहेबांनी स्वतःहून दिलगिरी व्यक्त केली आणि बाकी चारांच्या मूळ खरेदीची बिलं मेल केली. पुढच्या खेपेला कुणालाही लॅपटॉप देताना बायोसची की तपासून, त्यावरच विंडोज टाकून देऊ, असंही म्हणाले. मला ते फार आवडलं.

कमिटीची बैठक झाली. नवा परवाना विकत घ्यायचा तर आता गणपतीच्या तोंडावर पैसे नाहीत. एक जण म्हणाले, ऑनलाइन चारशे रुपयांत की मिळते. मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं. एवढ्या स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी की कुठल्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूम परवान्यातून फुटलेल्या असतात. आज चालतात, नंतर ब्लॉक झाल्या की ०एक्ससी००४सी००३ दिसतो, आणि दाद मागायला विकणारा सापडत नाही. उसन्या परवान्याचा अनुभव आपण नुकताच घेतला, तोच पुन्हा पैसे मोजून कशाला?

तीन नंबरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकायचं ठरलं. सराव परीक्षा, व्हिडिओ, पीडीएफ, फॉर्म, सगळं ब्राउझरमध्येच होतं. परवान्याचा प्रश्नच उरत नाही, आणि अपडेट वेळच्या वेळी येतात.

रविवार, २४ ऑगस्ट

मिंट पाऊण तासात बसलं. वायफाय आणि प्रिंटर दोन्ही न सांगता चालले. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला, कारण मुलांची सगळ्यात मोठी भीती तीच होती की मराठी टाइप होणार नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी पहिली बसली. एक बोट के वर, मग शिफ्ट धरून एन, मग बी, मग ई. पडद्यावर कळवा उमटलं. मग तिने न थांबता आपला पूर्ण पत्ता टाइप केला आणि म्हणाली, "विंडोजवर होतं तसंच आहे की काका."

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती. आज शेवटची फेरी. एक, दोन, चार आणि पाचवर एक्सपीआर पुन्हा मारून बघितली, चारही कायमचे. ताईंच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक लॅपटॉपचं एक पान केलं: सिरियल नंबर, आवृत्ती, चॅनल, कीची शेवटची पाच अक्षरं, बिलाची प्रत. तीन नंबरच्या पानावर बोर्ड बदलल्याचं वर्ष आणि लिनक्स असल्याची नोंद.

एक काम उरलंय. एक, दोन आणि चार अजून विंडोज १० वर आहेत आणि त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो. तिन्ही लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र आहेत, त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तपासली. परवाना तोच चालतो, नवी की लागत नाही. पाचवर मी १५ तारखेलाच ११ टाकलं होतं. अनंत चतुर्दशीनंतरचे दोन रविवार त्यासाठी ताईंनी कॅलेंडरवर गोल करून ठेवलेत, बारावीवाला मुलगा हाताखाली येणार आहे.